‘अभिजात’ : कुलवाचक संज्ञेचे मूल्यवाचक रूप

मराठी समीक्षेत ‘अभिजात’ हा शब्द मूल्यवाचक म्हणून रूढ आहे. मुळात मात्र तो कुलवाचक आहे. संस्कृतात ‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. सभ्य, सुसंस्कृत, सुंदर हे अर्थ त्याला पुढे चिकटले. गुण जन्माबरोबरच येतात, हे गृहीत या अर्थविस्ताराच्या मुळाशी आहे. त्याच धातूपासून सिद्ध झालेला ‘अभिजन’ हा शब्द भगवद्गीतेच्या १६व्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या पुरुषाच्या बढाईत येतो. तो स्वतःला धनाढ्य आणि कुलीन म्हणवतो. कुलाभिमानाविषयीचा संशयही, म्हणजे, परंपरेतच होता.

‘क्लासिक’ या संज्ञेला मराठीत ‘अभिजात’ हा पर्याय स्वीकारला गेला. लॅटिनमधील ‘क्लासिकस’ म्हणजे मालमत्तेवरून केलेल्या वर्गवारीतील पहिल्या वर्गाचा रोमन नागरिक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसच्या ग्रंथात हे विशेषण लेखकाला लावलेले आढळते. त्याच्या विरोधात ‘प्रोलेटारियस’, म्हणजे निर्धन वर्गातला, हा शब्द ठेवलेला आहे. दोन्ही संज्ञा सामाजिक उतरंडीतूनच आल्या. परंतु रोमन रूपकाचा आधार संपत्ती आहे, तर मराठी पर्यायाचा जन्म. संपत्ती मिळवता येते, गमावताही येते. जन्माच्या बाबतीत तशी सोय नाही.

हा भेद केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. चोखामेळ्याच्या किंवा तुकारामांच्या अभंगांना अभिजात म्हटले जाते, तेव्हा तो शब्द आपल्या मूळ अर्थाविरुद्धच साक्ष देतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला ‘अभिजात भाषा’ हा दर्जा मंजूर केला, त्यातही हाच विरोध अनुस्यूत आहे. मराठीची प्राचीनता सांगताना माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’चा आधार घेतला जातो. या गाथांतील जग प्रामुख्याने गावाचे आणि शेतीचे आहे. शिवाय संस्कृत नाटकाच्या संकेतानुसार राजा व उच्चकुलीन पुरुष सामान्यतः संस्कृत बोलतात. प्राकृत मुख्यतः स्त्रियांच्या आणि सामान्य पात्रांच्या वाट्याला येते. अकुलीनांची म्हणून बाजूला ठेवलेली वाणीच अशा रीतीने आभिजात्याचे प्रमाण ठरली.

रूढ झालेली संज्ञा टाकून देणे शक्य नाही व आवश्यकही नाही. मात्र समीक्षकाने तिच्यातील जन्मनिष्ठ गृहीत ओळखले पाहिजे. कृतीचे आभिजात्य तिच्या उगमावरून सिद्ध होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती वाचली गेली, तिचे नवे अन्वयार्थ लागत राहिले, यावरून ते ठरते. तपासायचा तो हा वारसा, वंशावळ नव्हे.