चौथाईची वांटणी व मराठी राज्याचें ऐक्य

मराठी राज्य बुडालें तें सरदार स्वतंत्र झाल्यामुळें, व सरदार स्वतंत्र झाले ते बाळाजी विश्वनाथानें सरंजामी पद्धति रूढ केल्यामुळें, असें आपल्याकडे वारंवार लिहिलें जातें. सनदा व हिशेब समोर ठेवून पाहिल्यास ही कार्यकारणपरंपरा इतकी सरळ दिसत नाहीं.

मुळांत सरंजाम देण्याची सुरुवात बाळाजीनें केलेली नाहीं. १६८९ त संभाजीमहाराजांचा वध झाल्यावर राजाराममहाराज जिंजीस गेले. खजिना रिकामा, आणि औरंगजेब वतनें देऊन मराठ्यांस फोडीत असलेला. तेव्हां हुजुरांतूनही वतनें व सरंजाम लिहून देणें भाग पडलें. रोख वेतनाविषयीं शिवाजीमहाराजांचा जो कटाक्ष होता तो येथें सुटला. वतनदार हे राज्याचे दायादच, त्यांस जपून वागवावें, असा जो इशारा आज्ञापत्रांत आहे त्यामागें हाच अनुभव असावा.

बाळाजीचें खरें कर्तृत्व वांटणीच्या रीतींत आहे. १७१९ सालीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून हातीं आल्या. सरदेशमुखी, म्हणजे शेंकडा १०, हें छत्रपतींचें वतन म्हणून निराळें राहिलें. चौथाईपैकीं शेंकडा २५ राजाची बाबती. बाकी ७५ मोकासा. त्यांतून ६ साहोत्रा पंतसचिवांस, ३ नाडगौडा राजाच्या मर्जीप्रमाणें, आणि राहिलेले ६६ ऐन मोकासा म्हणून सरदारांस. बाबतीचा वसूलही प्रतिनिधि, पेशवे व सचिव यांच्यांत वांटलेला. एकाच परगण्यांत चार धन्यांचे चार कारकून! ग्रांट डफला ह्यांत ब्राह्मण कारकुनांचें महत्त्व वाढविण्याची युक्ति दिसली. न्यायमूर्ति रानड्यांना सर्वांचे हितसंबंध एकमेकांत गुंतविण्याचें धोरण दिसलें. आमच्या मतें रानड्यांचें म्हणणें अधिक ग्राह्य आहे. कारण अशा मुलुखांत एकट्या सरदारानें बंड केलें तर शेजाऱ्याचा हक्क बुडे, आणि त्यास आवरण्यास हुजुरापूर्वीं शेजारीच उठे.

ह्या व्यवस्थेची दुसरी कळ म्हणजे दरखदार. दिवाण, मुजुमदार, फडणीस हे अधिकारी सरदाराच्या पदरीं असले तरी नेमणूक हुजूरची. सरदारानें त्यांस स्वतःच्या इच्छेनें काढावयाचें नाहीं, व त्यांच्या सहीवांचून हिशेब पुरा व्हावयाचा नाहीं. असो.

ही गुंफण दक्षिणेंत शोभली. माळव्यांत व त्यापलीकडे मुलूख विस्तीर्ण, पुणें दूर, आणि वसूल फौजेच्या जोरावर. महादजी शिंद्यांनीं दुआबांतील प्रांत डी बॉयनच्या कंपूच्या खर्चास लावून दिला. तेथें पगार देणारा, घेणारा व वसूल करणारा एकच. हुजूरच्या फडणिसाच्या लेखणीस तेथें काय जोर राहणार? तरीही १७९५ त खर्ड्यावर सर्व सरदार पेशव्यांच्या निशाणाखालीं जमले, हें विसरतां येत नाहीं. १८०० त नाना फडणीस वारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा मोड केला, आणि ३१ डिसेंबरास वसईचा तह झाला. १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहांत तर सरदारांवरील वडीलपणा सोडल्याचें बाजीरावाकडून लिहूनच घेतलें. जें मंडळ आधींच मोडलें होतें असें आपण म्हणतों, त्याचें मुख्यपद कागदावर सोडवून घेण्याची इंग्रजांस गरज वाटली, ह्याचा विचार व्हावयास पाहिजे.

हा प्रश्न पत्रव्यवहारावरून सुटणार नाहीं. लढायांचीं पत्रें संग्राहक हौसेनें जपतात. साहोत्रा-नाडगौड्याचे ताळेबंद व दरखदारांचीं नेमणूकपत्रें मात्र रुक्ष म्हणून रुमालांतून बाजूस पडतात, कित्येकदां रद्दींतही जातात. एका परगण्याचा सलग दहा वर्षांचा ताळेबंद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्याचा रुमाल न फोडतां, कागदांचा क्रम न बदलतां, यादी करून मंडळाकडे कळवावें.