रायबाघन : माहूरच्या वाघिणीचं नाव

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘रायबागन’ असं लिहिलं. एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे राजाची बाग का?"

वर्ग हसला. पण चूक माझी होती. उर्दूत बाग लिहिताना शेवटी गैन येतो आणि बाघ लिहिताना गाफला दोचश्मी हे जोडतात, त्यामुळे गल्लत होत नाही. मराठीत मात्र ‘घ’चा ‘ग’ झाला की वाघिणीची बाग होते. मी अक्षर दुरुस्त केलं : राय बाघन, म्हणजे राजवाघीण.

माहूर म्हटलं की रेणुकामाता आठवते, सोनापीरचा दर्गा आठवतो. ही बाई मात्र आपल्या नांदेड जिल्ह्यातच फारशी कुणाला आठवत नाही. ती माहूरच्या राजे उदारामांच्या घराण्यातली. नवऱ्याच्या मागे तिने जहागीर सांभाळली, मुघलांसाठी फौज घेऊन निघाली. ‘रायबाघन’ हा तिला मिळालेला किताब.

अशा नावाची एक बाई ग्रीक पुराणकथेतही आहे : ट्रॉयच्या हेक्टरची बायको अँड्रोमकी. ‘अँड्रोस’ म्हणजे पुरुषाचा, ‘माखे’ म्हणजे लढाई. पुरुषांशी लढणारी, असा तिच्या नावाचा अर्थ लावतात. होमरच्या ‘इलियड’मध्ये ती तलवार उचलत नाही. तट कुठे कमजोर आहे, फौज कुठे उभी करावी, हे ती नवऱ्याला सांगते. हेक्टरचं तिच्यावर फार प्रेम आहे. तरीही तो म्हणतो, तू घरी जा, माग सांभाळ, लढाईचं पुरुष बघतील. पुढे तो मारला जातो.

रायबाघनचा सल्ला मात्र ऐकला गेला. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्ताखानाने पाठवलेला सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला होता. रायबाघन त्याच्या सोबत होती. उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजीमहाराजांनी त्यांना पुरतं कोंडलं. ‘शिवभारत’ या कवींद्र परमानंदाच्या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. तिने खानाला त्याची चूक तोंडावर सांगितली आणि शरण जायला सुचवलं. खानाने ऐकलं. खंडणी भरून, सामानसुमान तिथेच टाकून उरलेली फौज जिवंत परतली.

उझबेक सरदार, माहूरची हिंदू बाई, दोघंही मुघलांच्या चाकरीत. आजच्या चौकटीत हे चित्र बसत नाही, म्हणून ते मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

आणि मला तिचा सल्ला तिच्या तलवारीइतकाच मोठा वाटतो. माझ्या त्याच वर्गातल्या दोन मुलींची शाळा यंदा सुटणार आहे. पुढचे वर्ग दुसऱ्या गावात आहेत. घरी ठरलं, पण मुलींना कुणी विचारलं नाही. त्यांतली एक तीच, बागेचा प्रश्न विचारणारी. रविवारी मी तिच्या अब्बांना भेटायला जाणार आहे. एवढंच म्हणेन, भाईसाहब, एकदा तिला तर विचारा.