तंबाखूचें सत्त्व

तळहातावर तंबाखू मळतांना चिमूटभर चुना कां घेतात, असें एखाद्या तंबाखू खाणाऱ्यास विचारलें तर ‘चुन्याशिवाय तिला चव नाहीं’ असें तो सांगेल. रसायनशास्त्राचें उत्तर निराळें आहे. पानांतील निकोटीन हें वनस्पतिज आम्लांशीं बद्ध झालेलें असतें. चुना त्या आम्लांना आपल्याकडे ओढून घेतो, निकोटीन मोकळें होतें आणि तोंडांतील नाजूक त्वचेंतून झटकन् रक्तांत शिरतें. प्रयोगशाळेंत तंबाखूचें सत्त्व काढण्याची युक्तीहि मूलतः हीच. तिचा इतिहास मात्र एखाद्या गुप्तपोलिसी कादंबरीस शोभेल असा आहे.

लिस्बन येथील फ्रेंच वकील झां निको यानें १५६० मध्यें ही वनस्पति औषधी म्हणून फ्रान्सच्या दरबारीं पाठविली. त्याचेंच नांव तिला व तिच्या सत्त्वाला चिकटलें. १८०९ मध्यें व्होकलँ या फ्रेंच शास्त्रज्ञास त्या सत्त्वाचा सुगावा लागला, आणि १८२८ मध्यें हायडेलबर्ग येथें पोस्सेल्ट व रायमान यांनीं तें शुद्ध रूपांत काढलें. पाण्यासारखें स्वच्छ, हवा लागतांच पिंगट होणारें, जिभेला जाळणारें असें हें तेलकट द्रव्य. त्याचे थोडेसे थेंबहि जनावरास पुरे होत.

पुढील हकीकत बेल्जियममधील. बितरमाँ येथील गढींत कौंट बोकार्मे नांवाचा एक कर्जबाजारी सरदार राहात असे. त्याची पत्नी लिदी हिचा भाऊ गुस्ताव्ह हा पैसेवाला, एका पायानें अधू व प्रकृतीनें दुर्बळ होता. तो अविवाहित मेल्यास त्याची मालमत्ता बहिणीकडे यावयाची. पण त्यानें लग्न करण्याचा बेत केला. २० नोव्हेंबर १८५० रोजीं तो गढींत जेवावयास आला, आणि संध्याकाळीं त्याचें प्रेतच दिसलें. तोंड व घसा भाजल्यासारखे झाले होते. शिर्क्याचा वास येत होता. मृताचे कपडे घाईनें धुण्यांत आले होते आणि भोजनगृहाची फरशी खरवडलेली होती.

झां सेर्व्हे स्तास या ब्रुसेल्सच्या रसायनशास्त्रज्ञाकडे मृताचे अवयव तपासणीस गेले. त्या काळीं विषविद्येंत प्रमाण मानलेल्या ओर्फिला यानें तर प्रेतांतून वनस्पतिज विष हुडकून काढण्याविषयीं निराशाच व्यक्त केली होती. सोमलासारखीं खनिज विषें सांपडत. वनस्पतींचीं विषें मांसमेदांत हरवून जात. स्तास यानें अवयव आम्लयुक्त मद्यार्कांत भिजविले, गाळले, अर्क आटविला, मग त्यांत दाहक अल्कली घालून तो ईथरबरोबर हालविला. अल्कलीनें सुटलेलें विष ईथरमध्यें उतरलें. ईथर उडून गेल्यावर तळाशीं तंबाखूचा उग्र दर्प असलेला तेलकट थेंब राहिला. गंमत अशी कीं, वास लपविण्यासाठीं ओतलेला शिर्का हें आम्लच. आम्लानें बद्ध झालेलें निकोटीन सहजीं उडून जात नाहीं. म्हणजे खुन्यानें आपल्या हातानें पुरावा जपून ठेविला असेंच म्हणावयास हवें! कौंटानें खोटें नांव सांगून एका रसायनशिक्षकाकडून ही विद्या मिळविल्याचें व तंबाखूचीं पानें जमवून अर्क काढल्याचें पुढें उघडकीस आलें. कोलनवॉटर करीत आहों, असें तो माळ्यास सांगे. १८५१ मध्यें मॉन्स येथें खटला चालला. लिदी सुटली, कौंटाचा शिरच्छेद झाला. स्तासची रीत थोड्या सुधारणेनें विषतपासणीची पायाभूत रीत ठरली.

नंतर हेंच सत्त्व शेतीवरील किडीसाठीं विकलें जाऊं लागलें. त्वचेंतूनहि तें अंगांत भिनत असल्यानें फवारणाऱ्यांनाच तें बाधे. भारतानें १९९२ मध्यें निकोटीन सल्फेटाचा शेतींतील वापर बंद केला.

२००३ मध्यें होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानें विजेची सिगारेट तयार केली. तिच्यांतील द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवास आणि बहुधा तंबाखूपासूनच काढलेलें निकोटीन. पुढें २०१५ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या ‘जूल’नें मोकळ्या निकोटीनांत पुन्हां बेंझोइक आम्ल मिसळलें. चुन्याच्या नेमकी उलट ही क्रिया. तिनें घसा खवखवत नाहीं आणि अधिक निकोटीन ओढतां येतें. तरुण पोरें या व्यसनांत ओढलीं गेलीं त्याचें एक कारण हें होय.

मग ही वस्तु सुरक्षित कितपत? जळण नसल्यानें डांबर व कार्बन मोनॉक्साइड टळतें, हा लाभ लहान नव्हे. धूम्रपान सोडूं इच्छिणाऱ्यांस तिचा उपयोग झालाहि आहे. परंतु इंग्लंडमध्यें २०१५ पासून गाजलेला ‘९५ टक्के कमी अपायकारक’ हा आंकडा मोजमापाचा नसून मुख्यतः कांहीं तज्ज्ञांच्या अंदाजाचा होता. उलट ‘साठ मिलिग्रॅम निकोटीन म्हणजे मृत्यु’ हें पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या उतरविलेलें वाक्यहि तितकेंच ठिसूळ. ग्राझ येथील बर्न्ट मायर यानें २०१४ मध्यें त्याचा माग काढला, तेव्हां तो एकोणिसाव्या शतकांतील संशयास्पद स्वप्रयोगांपाशीं जाऊन थांबला. त्याच्या मतें प्राणघातक मात्रा पांचशे मिलिग्रॅमच्या पुढें असावी. एक आंकडा लोकांना निर्धास्त करतो, दुसरा भेडसावतो. दोन्हींची वंशावळ फारसें कोणी विचारीत नाहीं.

२०१९ मध्यें अमेरिकेंत वाफ ओढणाऱ्यांचीं फुप्फुसें बिघडून अनेक बळी गेले. त्यांत मुख्य दोषी ठरलें तें निकोटीन नव्हे, तर गांजाच्या चोरट्या द्रवांत मिसळलेलें व्हिटॅमिन ई ॲसिटेट. त्याच वर्षीं भारतानें विजेच्या सिगारेटीवर बंदी घातली. विडीचीं बंडलें मात्र दुकानांत राहिलीं.

युरोपीय संघानें २०१४ च्या निर्देशान्वयें या द्रवाची कुपी १० मिलिलिटरची व प्रत्येक मिलिलिटरांत निकोटीन २० मिलिग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा घातली. म्हणजे एका कुपींत २०० मिलिग्रॅम. जुन्या हिशेबानें त्यांत तीन माणसें मरावींत; मायरच्या हिशेबानें धडधाकट प्रौढ वांचण्याची आशा आहे. लहान मुलास यांपैकीं कोणताच हिशेब लावतां येत नाहीं, म्हणून कुपीचें झांकण मुलांना उघडतां येऊं नये, असेंहि त्याच निर्देशांत लिहिलें आहे.