नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षांची अभ्यासपुस्तके आणि ‘वजा दोन’चे सूत्र : गुणवत्तेच्या एका निकषाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
संगणक नेटवर्किंगचे शिक्षण विद्यापीठीय अभ्यासक्रमांबरोबरच उपकरणनिर्मात्या कंपन्यांच्या प्रमाणपत्र परीक्षांतूनही घडत आले आहे. सिस्को कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई ही तज्ज्ञांसाठीची, तर १९९८ मध्ये सीसीएनए ही प्राथमिक पातळीवरील परीक्षा सुरू केली. तिच्यासाठी सिस्को प्रेसची वेंडेल ओडम यांची अधिकृत पुस्तके आणि सायबेक्सची टॉड लॅमल यांची पुस्तके विशेष प्रसिद्ध पावली. अशा पुस्तकांची गुणवत्ता बहुधा सराव प्रश्नांच्या संख्येवरून आणि उत्तीर्णांच्या अनुभवावरून ठरविली जाते. हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्यासाठी एका लहानशा सूत्राचा इतिहास येथे तपासला आहे.

सूत्राचा उगम व अस्त :
एका नेटवर्कचे लहान सबनेट पाडण्याची पद्धत आरएफसी ९५० या दस्तऐवजाने १९८५ मध्ये निश्चित केली. सर्व बिट शून्य असलेला पहिला आणि सर्व बिट एक असलेला शेवटचा सबनेट वापरू नये, असे त्यात सुचविले होते. त्यास कारणही होते. पहिल्या सबनेटचा पत्ता आणि संपूर्ण नेटवर्कचा पत्ता एकच दिसे. शेवटच्या सबनेटच्या ब्रॉडकास्ट पत्त्याबाबतही तोच घोटाळा होई. रिपची पहिली आवृत्ती किंवा आयजीआरपी यांसारखे तत्कालीन राउटिंग प्रोटोकॉल पत्त्यासोबत मास्क पाठवीत नसल्याने हा संभ्रम दूर होणे कठीण होते. यातूनच ‘दोनचा घात वजा दोन’ हे सूत्र रूढ झाले.

या सावधगिरीची किंमत मोठी होती. २५६ पत्त्यांच्या नेटवर्कमधून तीन बिट घेतल्यास प्रत्येकी ३२ पत्त्यांचे आठ सबनेट पडतात. त्यांतील दोन सोडले की ६४ पत्ते, म्हणजे चौथा हिस्सा, वाया जातो. दोन बिट घेतल्यास निम्मे पत्ते जातात. एकच बिट घेतल्यास तर उत्तर शून्य येते, म्हणजे नेटवर्कचे दोन समान भाग करणेच अशक्य ठरते! १९९३ मध्ये वर्गविरहित पत्तापद्धती आली आणि डिसेंबर १९९५ मधील आरएफसी १८७८ ने ही प्रथा कालबाह्य असल्याचे स्पष्ट नोंदविले. सिस्कोच्या आयओएस १२.० पासून शून्य सबनेट आपोआप चालू राहू लागला.

पुस्तके मात्र मागे राहिली. २००३ च्या ६४०-८०१ या परीक्षेच्या काळातील अनेक पुस्तकांत ‘वजा दोन’ कायम होते. २००७ च्या ६४०-८०२ पासून ते मागे पडले.

निकष :
परीक्षेने जुने गृहीतक धरले असेल तर पुस्तकाने ते शिकविणे भागच आहे. त्यात लेखकाचा दोष मानता येत नाही. प्रश्न असा की, परीक्षेत अपेक्षित उत्तर आणि राउटरवर प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांतील अंतर पुस्तक सांगते की लपविते? जे पुस्तक सूत्राचे कारण देते, त्याच्या वाचकास सूत्र बदलले तरी अडचण येत नाही. ज्याने केवळ पाठांतर केले, त्याचा मात्र दुहेरी गोंधळ होतो. कारण सबनेटमधील यंत्रांचे पत्ते मोजताना दोन वजा करणे आजही योग्य आहे. (त्यालाही अपवाद आहे : दोन राउटरमधील थेट जोडणीसाठी डिसेंबर २००० च्या आरएफसी ३०२१ ने दोन्ही पत्ते वापरण्याची मुभा दिली.) या कसोटीवर ‘अधिकृत’ हा शिक्का निर्णायक ठरत नाही. अधिकृत पुस्तक परीक्षेशी अधिक जवळून बांधलेले असते, आणि तीच त्याची मर्यादाही होऊ शकते. प्रकरणाच्या आरंभी वाचकाचे पूर्वज्ञान तपासणारी ओडम यांची प्रश्नावली मात्र निश्चितच उपयुक्त आहे. फुटलेल्या प्रश्नांचे संग्रह तर अभ्यासपुस्तके म्हणण्याच्याच योग्यतेचे नाहीत.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. नवे पुस्तक न परवडणारा विद्यार्थी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जुन्या प्रतींकडे वळतो. २०२० पासूनच्या २००-३०१ या परीक्षेत स्वयंचलनासारखे विषय आले असून आयएसडीएन, फ्रेम रिले केव्हाच वगळले गेले आहेत. अशा वेळी मुखपृष्ठावरील परीक्षा क्रमांक पाहून झाल्यावर सबनेटचे प्रकरण उघडावे. तीन बिटांचे उत्तर तेथे सहा दिले असेल आणि सहाच का, याविषयी एक ओळही नसेल, तर ती प्रत परत ठेवावी.