मायक्रोवेव्हमध्ये धातू चालतो, भुकटी असेल तर

'मायक्रोवेव्हमध्ये स्टीलची वाटी ठेवू नकोस, ठिणग्या उडतील,' हे आता आमच्यासारख्या गावातही घरोघरी ऐकू येतं. बरोबरच आहे ते. पण जवळपास असाच समज कारखानदारीतही बरीच वर्षं पक्का होता आणि तो मोडण्यात रांचीत जन्मलेल्या एका माणसाचा मोठा वाटा होता. आपल्याकडे याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात युद्धातली. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. त्याच वर्षी ब्रिटनने तो अमेरिकेला नेऊन दिला, कारण घाऊक उत्पादनाची ताकद तिथे होती. ते बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली वडी वितळली, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १९४७ चा पहिला ओव्हन मात्र माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोचा होता!

पुढे रबर, मग सिरॅमिक अशा गोष्टी या लहरींनी तापवणं सुरू झालं. धातू मात्र यादीबाहेर. कारण साधं आहे. धातूचा पत्रा या लहरी परतवतो. घरच्या ओव्हनची लहर तांब्यात जेमतेम १.३ मायक्रॉन शिरते. आपला केससुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड.

पण धातूची बारीक भुकटी केली तर? तिथे प्रत्येक कणाच्या पृष्ठभागाला लहर भिडते. गिअर, बुश असे सुटे भाग भुकटी साच्यात दाबून आणि मग भट्टीत भाजून बनवतातच, त्याला सिंटरिंग म्हणतात. साध्या भट्टीत उष्णता बाहेरून आत झिरपते, त्यात वेळ जातो. इथे भुकटी स्वतःच तापते. जून १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या रुस्तुम रॉय, दिनेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हे मांडलं: बाजारात मिळणाऱ्या धातूच्या भुकट्या मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण घट्ट होतात आणि मजबुतीही जास्त येते. रॉय हे आपल्या रांचीचे.

त्यानंतरचं काम मला जास्त भावतं, कारण ते रुरकीच्या आयआयटीतलं आहे. अपूर्व कुमार शर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तांब्याचे अखंड तुकडे जोडले. मध्ये तांब्याची भुकटी, सोबत कोळसा. कोळसा आधी तापतो, भुकटीला तापवतो, मग भुकटी स्वतः लहरी शोषू लागते. ओव्हन ९०० वॅटचा, वेळ साधारण पंधरा मिनिटं. म्हणजे उपकरण जवळपास आपल्या ओट्यावरचंच!

मग एमआयडीसीत हे दिसत का नाही? अडचणी खऱ्या आहेत. ओव्हनमध्ये भाजी एकीकडे उकळते आणि दुसरीकडे गार राहते, तेच इथेही होतं. कार्बन फायबरच्या कंपोझिटमध्ये तर धाग्यांच्या टोकांना ठिणग्या पडू शकतात. शिवाय प्रत्येक जॉबसाठी चाचण्या नव्याने कराव्या लागतात. पाच-दहा कामगारांच्या वर्कशॉपवाल्याने या चाचण्यांचा खर्च कुठून करायचा? मॅग्नेट्रॉनचा खर्च युद्धाने उचलला होता, हे विसरू नये.

इंडक्शन भट्टी मोडा असं मी अजिबात म्हणत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत टनावारी लोखंड वितळतं, तो वेगळा खेळ आहे. पण छोट्या भागांच्या सिंटरिंगसाठी आणि झिजलेल्या भागांवर थर चढवण्यासाठी सरकारी खर्चाने एक सामायिक चाचणी केंद्र का असू नये? पवईत सूक्ष्मलहरींवरच काम करणारी केंद्र सरकारची 'समीर' संस्था १९८४ पासून आहे. वीजदरवाढीविरोधातली उद्योजकांची कितीतरी निवेदनं मी बातमीसाठी वाचली, त्यात ही मागणी एकदाही दिसली नाही. पुढच्या निवेदनात हे कलम घालता येईल का, हे आमच्या इथल्या पदाधिकाऱ्यांना मी विचारणार आहे. सिंटरिंगच्या शेडमध्ये काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर एका घाणीला भट्टी किती तास चालते आणि किती युनिट जळतात, ते मला कळवा.