नोंदवहीत नसलेला आजार



लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ केल्या. परंतु माणसे कशाने मेली आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवली, हाही इतिहासच होय. अशाच एका मोजदादीची दक्षिण आफ्रिकेतील हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

1926 साली इंग्लंडात केंब्रिज येथे मरे, वेब आणि स्वॉन यांनी सशांना मारणाऱ्या एका नव्या जंतूचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गच्या वैद्यकीय संशोधन संस्थेतील पिरी यांना तोच जंतू रानउंदरांत आढळला. त्यांनीच 1940 साली, शस्त्रक्रिया निर्जंतुक करणाऱ्या लिस्टर यांच्या स्मरणार्थ, त्याला ‘लिस्टेरिया’ हे नाव दिले. म्हणजे या जंतूचे बारसे दक्षिण आफ्रिकेतच झाले. तो अन्नावाटे माणसांत पसरतो, हे मात्र 1981 साली कॅनडात कोबीच्या कोशिंबिरीने आजार पसरला तेव्हा सिद्ध झाले.

हा जंतू मोठा चिवट. शिजवल्याने तो मरतो, पण शीतपेटीच्या थंडीतही वाढत राहतो. धडधाकट माणसाला तो फारसा बाधत नाही. गर्भवती, तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि आधीच रोगाने खंगलेले यांनाच तो गाठतो. शिवाय खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत कधी कधी सत्तर दिवस जातात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्ले, हे कोणाला आठवणार? म्हणून एकटा डॉक्टर येथे हतबल ठरतो. सगळ्या रुग्णालयांचे आकडे एका ठिकाणी आले, तरच काही उमगते.

आणि नेमके तेच तेथे होत नव्हते. हा आजार सरकारला कळवलाच पाहिजे, असा नियम नव्हता. 2017 च्या जुलैत जोहान्सबर्ग व प्रिटोरियातील सरकारी रुग्णालयांच्या डॉक्टरांना नवजात बालकांत हा आजार नेहमीपेक्षा अधिक दिसू लागला. त्यांनी राष्ट्रीय साथरोग संस्थेला कळवले. डिसेंबरात आरोग्यमंत्री मोत्सोआलेदी यांनी साथ जाहीर केली आणि नोंद सक्तीची झाली. तोवर शेकडो रुग्ण होऊन गेले होते.

2018 च्या जानेवारीत सोवेटोतील एका पाळणाघराची नऊ मुले तापाने व जुलाबाने रुग्णालयात आली. डॉक्टरांना शंका आली. आरोग्य तपासनीस पाळणाघरात गेले आणि त्यांनी शीतपेटीतील पोलोनी तपासायला नेली. पोलोनी म्हणजे आवरणात भरून शिजवलेला मांसाचा लगदा. तो स्वस्त असतो, कापून पावाबरोबर तसाच खातात. कष्टकऱ्यांच्या घरचे ते रोजचे अन्न. त्या धाग्याने तपास पोलोक्वाने येथील टायगर ब्रँड्स कंपनीच्या एंटरप्राइज कारखान्यापर्यंत पोहोचला. तेथील जंतू आणि रुग्णांच्या रक्तातील जंतू एकाच वाणाचे निघाले. 4 मार्चला मंत्र्यांनी ते जाहीर केले, माल परत मागवला गेला, आणि रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. सप्टेंबरात साथ संपल्याचे जाहीर झाले. एकूण 1060 रुग्ण, 216 मृत्यू. रुग्णांपैकी शेकडा 42 एक महिन्याच्या आतली बालके होती.

माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. अपघाताची नोंदवही हा आमचा जुना झगडा. जो अपघात वहीत चढत नाही तो झालाच नाही असे धरले जाते, आणि मग यंत्राला जाळी बसत नाही. रोगाचेही तसेच आहे. कोणी म्हणेल, तपासनीस वाढले की चिरीमिरी वाढेल. ही भीती खोटी नाही. परंतु त्यावर उपाय तपासनीस काढून टाकणे हा नव्हे. त्याची वही लोकांना उघडी करणे हा आहे. सोवेटोच्या पाळणाघरात तपासनीस गेलाच नसता तर कारखाना चालूच राहिला असता, आणि पोलोनीही विकली जात राहिली असती.

पैसेवाल्याला महागडे अन्न निवडता येते. गरिबाच्या ताटाची राखण करणारे दुसरे कोणी नाही. त्याला सरकारी नोंदवहीचाच आधार. म्हणून आपल्या नगरपालिकेत अन्नाचे नमुने कोण घेतो, महिन्यात किती घेतो आणि त्यांचा निकाल कोठे लागतो, हे येत्या सभेत आपण विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.