पडदा आणि धुके : 'सायलेंट हिल'च्या पुनःसंस्करणाचा प्रश्न

पाठचिकित्सेत संहितेइतकेच ती ज्या साधनावर उतरली त्याचेही महत्त्व असते. व्हिडिओ खेळांच्या नव्या आवृत्त्यांनाही हा न्याय लागू पडतो.

कोनामी या जपानी कंपनीचा 'सायलेंट हिल' हा भयप्रधान खेळ १९९९ मध्ये प्लेस्टेशन यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. दूरवरचे दृश्य रेखाटण्याची शक्ती त्या यंत्रात नव्हती. म्हणून ते धुक्यात व अंधारात झाकण्यात आले. रंगच्छटांची उणीव ठिपक्यांच्या सरमिसळीने भरून काढण्यात येई. तत्कालीन दूरचित्रवाणी संचाच्या कॅथोड किरण नलिकेवर हे ठिपके परस्परांत विरून जात. चित्र यंत्रात सिद्ध होई; परंतु पूर्णत्वास जाई ते पडद्यावरच.

२००१ मधील दुसऱ्या भागाच्या वेळी प्लेस्टेशन २ हे यंत्र अधिक समर्थ होते. तरीही धुके राखण्यात आले. शिवाय चित्रावर चित्रपटाच्या फितीसारखे कण पसरण्यात आले. उणिवेतून जन्मलेले साधन आता अर्थवाहक बनले होते.

२०१२ मध्ये उच्च स्पष्टतेच्या सपाट पडद्यांसाठी या खेळाची नवी आवृत्ती निघाली. तिच्या कर्त्यांना मूळ अंतिम आज्ञावली मिळाली नाही. अपूर्ण संहितेवरच काम करावे लागले. परिणामी धुके विरळ झाले, आणि तळ्याच्या प्रसंगात पाण्याची संपणारी कडा उघडी पडली. सदोष संहिता आणि काहीही न झाकणारा पडदा, असा हा दुहेरी आघात होता.

पुनःसंस्करणाची निष्ठा केवळ बिंदूंच्या संख्येने मोजता येत नाही. मूळ कृतीने काय दिसू दिले नव्हते, हेही संपादकाला जाणावे लागते.